डॉ. कोटणीस : एका कुटुंबवत्सल पुरुषाचे स्मरण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे केलेले भाषण)



मंडळाचे चिटणीस गेल्या महिन्यात माझ्या घरी आले व त्यांनी मला विषय दिला तो असा : ‘एका कुटुंबवत्सल व सेवाव्रती पुरुषाचे चरित्र’. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी असे एक चरित्र येते आणि त्यातील मजकुराची ठेवण आपणा सर्वांस परिचित आहे. चरित्रनायक लहानपणी हालअपेष्टा सोसतो, पुढे धंद्यात वा नोकरीत नाव काढतो, भावंडांची शिक्षणे करतो, मुलींना चांगल्या घरी देतो, मंडळाच्या इमारतीस देणगी देतो आणि अखेर भरल्या घरात डोळे मिटतो. ही चरित्रे खोटी असतात असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांतील कित्येकांना मी जवळून पाहिले आहे. दोघांनी तर माझ्या शाळेची फीही भरली आहे. परंतु आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे निधन वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवर झाले. त्यांना संसार घडला तो जेमतेम एक वर्षाचा. वडील वारल्याची वार्ता कानी आली असताही ते घरी परतले नाहीत. तथापि त्यांना कुटुंबवत्सल म्हणण्यास माझी जीभ अडखळत नाही. ते गृहस्थ म्हणजे याच शहराचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

हे नाव मी कळविले तेव्हापासून आजपर्यंत मला तीन सद्गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला : “गुरुजी, कोटणीस आपल्या ज्ञातीचे काय?” या प्रश्नाचे उत्तर मी त्या तिघांना दिले नाही व आजही देणार नाही. ते का देणार नाही, हे भाषण संपेपर्यंत आपल्या ध्यानी येईल अशी आशा आहे. न आल्यास दोष माझ्या वक्तृत्वाचा समजावा.

द्वारकानाथांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. घर मध्यम स्थितीतले. दोन भाऊ व पाच बहिणी असा मोठा परिवार. भैया चौकातून जाताना त्यांचे घर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे आता महानगरपालिकेने स्मारक केले आहे. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे व भोंग्यावर निजणारे गाव. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत ऐकू याव्यात, अशी येथली वस्ती होती. आजही बव्हंशी तशीच आहे. अशा गावात वाढलेल्या मुलाला परकी भाषा ही भिण्याची वस्तू वाटत नाही. पुढे हा मुलगा चिनी भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागला, याचे सर्वांस नवल वाटते. मला तितकेसे वाटत नाही, त्याचे कारण हेच.

त्यांच्या तारुण्यात या शहरावर जो प्रसंग गुदरला तो आपणांस ठाऊक आहे. १९३० च्या मे महिन्यात येथे गोळीबार झाला, सरकारी सत्ता काही दिवस नाहीशी झाली आणि १२ मे पासून लष्करी कायदा पुकारण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. चार नावे चार समाजांची. द्वारकानाथ त्या वेळी वीस वर्षांचे होते. त्यांच्या मनावर या घटनेचा नेमका काय संस्कार झाला, हे मी सांगू धजत नाही. परंतु वीस वर्षांचा सोलापूरकर तरुण त्यापासून अलिप्त राहिला असेल, असे मानणे मला तरी कठीण जाते.

पुढे त्यांनी मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली व उच्च परीक्षेची तयारी चालविली. घरच्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले असेल ते उघड आहे : मुलगा शल्यवैद्य होईल, सोलापुरात वा मुंबईत दवाखाना थाटील, बहिणींच्या लग्नांस हातभार लावील. या अपेक्षांत गैर ते काय? आपल्या प्रत्येकाच्या घरी असे एखादे मूल असते, ज्याच्या पुस्तकांकडे सारे घर आशेने पाहत असते.

इकडे जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्व बाजूंनी चढाई केली. चिनी सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांस आवाहन केले व ‘चीन दिन’ पाळून सुमारे २२,००० रुपये जमा झाले. आजच्या हिशेबाने ही रक्कम क्षुल्लक वाटेल. मात्र हा देश त्या वेळी स्वतः पारतंत्र्यात होता आणि हे पैसे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकही चिनी मनुष्य पाहिला नसेल. या रकमेचा उल्लेख मी पुढे पुन्हा एकदा करणार आहे, म्हणून ती लक्षात असू द्यावी.

वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली व त्याच महिन्याच्या १७ तारखेस कँटन येथे उतरली. तेथून ती हँकौला गेली. महिना-सव्वा महिना लोटतो न लोटतो तोच ही दोन्ही शहरे जपान्यांनी घेतली, यावरून त्या वेळची धामधूम कल्पनेने जाणावी. मागे सरत सरत पथक चुंगकिंगला पोचले व फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे आठव्या सेनेच्या मुख्य ठाण्यावर रुजू झाले.

एक गोष्ट मला फार आवडते. या पाचही जणांनी चिनी धर्तीची नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. आपले कोटणीस ‘के दी-हुआ’ झाले. काश्मिरी घराण्यातला एक, बंगाली दोन, मराठी दोन. आडनावे पाच आणि शेवटचे अक्षर एक. सहोदर भावांची नावे एका अनुप्रासात ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे ना, तसेच हे झाले.

आता मी त्या अवघड स्थळाकडे येतो. डॉ. कोटणीस चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील वारले. घरी परत जा, असे सांगणारे सहकारी त्यांना भेटले. आई, भावंडे व ओढगस्तीचा संसार मागे होता. परत गेले असते तर कोणी बोल लावला नसता. ते गेले नाहीत. घरी पत्रे मात्र लिहीत राहिले. पुढे चोळकर व मुखर्जी हे दोघे परत आले, अटल आले, काही काळाने बसूही आले. कोटणीस राहिले ते राहिलेच.

या ठिकाणी मी स्वतःचा एक अनुभव सांगतो. सभेची क्षमा मागून सांगतो, कारण या मंडपात तो मी आजवर कधी उच्चारला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून लोक निजले होते. मी त्या वेळी तरुण शिक्षक होतो. आम्ही आठ-दहा जण एका मालमोटारीत भाकरी, चादरी व फावडी घालून उमरग्याच्या वाटेने सास्तूरकडे गेलो. घरी माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. “जा” असे तेच म्हणाले, परंतु हे ऐकायला खोलीत दुसरे कोणी नव्हते. तिसऱ्या दिवशी ते गेले. मला निरोप पोचला तेव्हा मी दगडमातीच्या ढिगाऱ्यावर उभा होतो. सोलापूरला येईतो धाकट्या भावाने अग्नी देऊन झाला होता. तेराव्याला आपल्या ज्ञातीतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ते आज हयात नाहीत, सर्वांसमक्ष म्हणाले, “परक्यांची मढी उचलायला गेला आणि बापाला खांदा द्यायला नाही आला.” मी त्यांना उत्तर दिले नाही. देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हतेच. आजही आहे असे म्हणवत नाही. चार दिवसांच्या माझ्या फावड्याची डॉक्टरांच्या चार वर्षांशी बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु त्या वाक्याचे शल्य बाळगूनच मी डॉ. कोटणिसांविषयी वाचू लागलो, हे मात्र खरे आहे.

असो. येनानहून डॉक्टर उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, प्रत्यक्ष शत्रूच्या फळीमागील मुलखात गेले. तेथे रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांतून जखमी ठेवायचे, शत्रू जवळ आला की खेचरांवर सामान लादून दुसऱ्या खेड्यात जायचे. औषधे तुटपुंजी, कारण जपान्यांनी नाकेबंदी केलेली. याच मुलखात कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणिसांची नेमणूक झाली. तत्पूर्वी १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. आपण लग्नकार्यात एक रात्र जागलो तर दुसऱ्या दिवशी कोणाशी धड बोलत नाही.

खाण्याचे म्हणाल तर ज्याला आपण राळे म्हणतो तेच उत्तर चीनच्या गरिबांचे मुख्य अन्न, आणि जोडीस ज्वारी. होय, आपली ज्वारीच. तिकडे तिला काओलियांग म्हणतात. पुस्तकात हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या मुलखातला हा मनुष्य हिमालयापलीकडे जातो काय आणि त्याच्या पुढ्यात पुन्हा ज्वारीच येते काय! त्यांनी ती भाकरी थापून खाल्ली की शिजवून, ते माझ्या वाचनात नाही. आमच्या घरी या प्रश्नावर एकदा बराच वाद झाला.

चिनी भाषा ते केवळ बोलण्यापुरती शिकले नाहीत. रुग्णालयाला जोडून असलेल्या वैद्यकीय शाळेत ते त्याच भाषेतून शिकवीत आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहावयास घेतले होते. मी जन्मभर शिक्षकी केली. परक्या भाषेत ज्ञान मिळविणे एक आणि परक्या भाषेत दुसऱ्याला समजेल असे सांगणे दुसरे. या दोहोंतले अंतर फळा आणि खडू हाती घेतल्यावाचून कळत नाही.

तेथेच क्वो चिंग-लान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशी त्यांची ओळख झाली. बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणप्रसंगी दोघांनी एकमेकांस प्रथम पाहिले. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन-हुआ’ ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत व हुआ म्हणजे चीन. हे नाव सेनापती न्ये रुंग-चन यांनी सुचविले. आपल्याकडे आत्या कानात नाव सांगते. या बाळाच्या पाच आत्या इकडे हिंदुस्थानात होत्या, म्हणून ते काम तेथे सेनापतीकडे आले.

त्याच सुमारास डॉक्टरांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी असे सहकारी सांगत. ते काम टाकीत नसत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हो-पेई प्रांतातील एका खेड्यात, झटक्यामागून झटके येऊन त्यांचा अंत झाला. मूल साडेतीन महिन्यांचे होते. सेनेचा एक मदतीचा हात गेला व राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाचा शोक माओ यांनी व्यक्त केला. पुढे त्यांच्या अस्थी श-च्या-च्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आल्या. तेथे त्यांचा पुतळा आहे. इकडे १९४६ साली शांतारामबापूंनी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि त्यांचे नाव घरोघर गेले.

चित्रपट तेथे संपतो; कुटुंबाची कथा संपत नाही. चिंग-लान यांनी मुलाला वाढविले. बापाप्रमाणे त्यानेही वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि ते पुरे होण्याच्या बेतात असतानाच १९६७ साली, पंचविशीच्या आत, तो निवर्तला. त्या माउलीने पतीही गमावला आणि पतीची खूणही गमावली. असे असूनही त्यांनी सासरशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, दिरा-नणंदांना भेटल्या. २८ जून २०१२ रोजी डालियान येथे त्यांचे निधन झाले. इकडच्या बहिणींनीही हा संबंध अखेरपर्यंत जपला. चीनचे मोठे पुढारी भारतात येत तेव्हा या कुटुंबाची आवर्जून भेट घेत. २००६ साली हू चिंताव व २०१३ साली ली खछियांग मुंबईत कोटणिसांच्या आप्तांना भेटल्याचे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. सत्तर वर्षे, दोन भाषा, एक हिमालय आणि मध्ये १९६२ चे युद्ध. इतके सर्व असताना ज्या घरातील दीर, नणंदा आणि भावजय एकमेकींची विचारपूस करीत राहिल्या, त्या घराला कुटुंब नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? एका भिंतीवरून अबोला धरलेली किती सख्खी भावंडे या मंडपात बसली आहेत, याची मोजदाद मी करीत नाही.

१९६२ चा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. “ज्यांनी आपल्याशी युद्ध केले त्यांची सेवा करणाऱ्याचे कौतुक कशाला?” असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले तेव्हा तर तो फारच तावातावाने ऐकला. माझे उत्तर साधे आहे. डॉक्टर गेले तेव्हा चीनवर परचक्र आले होते आणि समोर येई तो जखमी मनुष्य होता. वीस वर्षांनी त्या देशाचे राज्यकर्ते काय करतील, हे पाहून जखम शिवायची असते काय?

मी नोकरीत होतो तोपर्यंत दरवर्षी डिसेंबरात वर्गातील मुलांना घेऊन भैया चौकात जात असे. एका वर्षी विडी कामगाराच्या एका मुलीने तेथील छायाचित्रांपुढे उभे राहून मला विचारले, “गुरुजी, यांच्या आईला किती वाईट वाटले असेल?” बाकीची मुले त्यांनी किती शस्त्रक्रिया केल्या ते वहीत उतरवून घेत होती. मी तिला म्हणालो, “फार.” त्याहून अधिक मला सुचले नाही. ती मुलगी पुढे परिचारिका झाली. ती आपल्या ज्ञातीची नाही.

यावरून मी माझ्या मूळ कामाकडे येतो. उद्याच्या सर्वसाधारण सभेत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या शिष्यवृत्तीचा विषय आहे. नियमावलीच्या मसुद्यात ‘ज्ञातीतील गरजू विद्यार्थिनींस’ असे शब्द आहेत. दरवर्षी पाच शिष्यवृत्त्या देण्याचा विचार आहे. त्यांपैकी एक ‘सोलापुरातील कोणाही गरजू विद्यार्थिनीस’ द्यावी, अशी दुरुस्ती मी लेखी पाठविली आहे. तिला विरोध आहे हे मी जाणून आहे. विरोध करणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही : आपल्यातच गरीब मुली पुष्कळ आहेत, निधी आपल्या लोकांच्या घामाचा आहे, आधी घरचे पाहावे. मी एवढेच विचारतो की, १९३८ साली जे २२,००० रुपये गोळा झाले ते देणाऱ्यांच्या घरी गरिबी नव्हती काय? त्या वेळी प्रत्येकाने आधी घरचे पाहिले असते तर आज भैया चौकात आपण मुलांना काय दाखविले असते? चार शिष्यवृत्त्या घरच्याच आहेत; पाचवीकरिता मी हात जोडतो. दुरुस्ती फेटाळली गेली तरी मी मंडळ सोडून जाणार नाही, हेही सांगून ठेवतो. पुढल्या वर्षी पुन्हा मांडीन.

येत्या ९ डिसेंबरला डॉक्टरांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही काही मंडळी स्मारकापाशी जमणार आहोत. भाषणे होणार नाहीत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मुलाबाळांसह यावे. हारतुऱ्यांचा खर्च करू नये. त्याऐवजी एखाद्या मुलीच्या पुस्तकांपुरते पैसे आणावेत. ती कोणत्या ज्ञातीची, हे तेथे कोणी विचारणार नाही.